संपादकांची सही

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस पुसट झाल्या, पण एका मेंढपाळाच्या मुलीचा अर्ज काही केल्या डोक्यातून जात नाही. तेव्हा मी सांगली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच आटपाडीकडची ही मुलगी वडिलांना घेऊन आली. पीएच.डी. करत होती. आपल्याच वस्तीवरच्या मेंढपाळीवर तिने लेख लिहून एका कॉलेजच्या संशोधन नियतकालिकाकडे पाठवला होता. तो दर्जा नाही म्हणून परत आला आणि वर्षभराने तिथेच एका प्राध्यापकाच्या नावाने छापून आला. वर कहर म्हणजे तिचा प्रबंध विद्यापीठात गेल्यावर चोर तीच ठरली! दिलेल्या मुदतीत खुलासा दिला नाही तर पदवी गेली.

खरे सांगतो, मला कंटाळा आला. चोऱ्यामाऱ्या सोडून हे कागदाचे भांडण कशाला गळ्यात घ्या? 'दिवाणी बाब' असा शेरा मारून अर्ज निकाली काढायला मी पेन उचलले. मुलगी छापील लेख वाचून दाखवत होती. 'मे महिन्याच्या सुट्टीत वस्तीवर राहून निरीक्षण केले,' हे वाक्य आले आणि बाकावरचा बाप ताडकन उठला.

"आवं सायेब, मे म्हैन्यात वस्तीवर काय बघितलं ह्यानं? तवा आमी मेंढरं घिऊन कोयनंच्या पल्याड असतोय. मिरगाबिगर माघारी फिरत न्हाई."

"मग पोरीनं कधी पाहिलं?"

"सरावणात. समदी घरी असत्यात तवा."

प्राध्यापकाला सुट्टी मेमध्ये, म्हणून त्याने महिना बदलला होता. मी पेन खाली ठेवले.

नियतकालिकाचे संपादक सत्तरीचे, सज्जन गृहस्थ. मुलीचा लेख तपासायला कोणाला दिला होता, एवढेच मी विचारले.

"परीक्षकाचं नाव बाहेर सांगत नाही आम्ही, साहेब. विश्वासाचं काम आहे."

माझे डोकेच फिरले. "सर, आम्हीही खबऱ्याचं नाव सांगत नाही. पण खबऱ्यानंच घर फोडलं तर त्याला झाकतही नाही."

त्यांनी कपाटाची किल्ली काढली. मग म्हणाले, "लेखी पत्र द्या." मी दिले. त्यांनी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा खाडकन उतरला. परीक्षक आणि तो प्राध्यापक एकच होते.

"दोन्ही लेख माझ्याच टेबलावरून गेले हो," ते म्हणाले. "ओळखीचं नाव दिसलं आणि मी वाचलंच नाही."

प्राध्यापकाला नोटीस देऊन बोलावले. चहा पाजला. वस्तीवर दहा दिवस राहिलो, शंभरेक मेंढ्या मोजल्या, असे तो छातीठोकपणे सांगत होता. मी मुलीच्या बापाला आत बोलावून समोर बसवले आणि म्हणालो, "आता यांना सांगा, मे महिन्यात कुठं मोजल्या." प्राध्यापकाने मान खाली घातली ती जबाबावर सही होईपर्यंत वर केली नाही.

नंतर कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष संपादकांना घेऊन ठाण्यात आले. लेख वेबसाइटवरून गुपचूप काढून टाकू, बोभाटा नको, असे त्यांचे म्हणणे. संपादक मात्र टेबलावरच्या स्टेशन डायरीकडे बघत होते.

"यात चुकीची नोंद झाली तर काय करता?" त्यांनी विचारले.

"खोडायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही करायची."

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर त्या चोरीच्या लेखाचे नाव छापले होते, त्यावर आडवी रेघ. खाली लिहिले होते, 'हा लेख चोरीचा आहे. छापण्याआधी मी तपासले नाही. चूक माझी.' त्याखाली संपादकांची सही. दुसऱ्या पानापासून मुलीचा लेख, तो प्रथम मिळाल्याच्या तारखेसह. विद्यापीठाने तो अंक पाहून तिची नोटीस मागे घेतली.

मुलगी बापासोबत पेढे आणि अंक घेऊन आली. बापाला वाचता येत नव्हते. त्याने सहीवर बोट ठेवून विचारले, "ही कुणाची?"

मी सांगितले. म्हातारा म्हणाला, "लय मोठा मानूस हाय गड्या."

व्हय, मोठाच. आणि मी? सगळ्या नोकरीत 'दिवाणी बाब' लिहून मी किती अर्ज निकाली काढले, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. त्यातल्या एकाही शेऱ्यावर रेघ मारून मी शेजारी सही केलेली नाही.