आईबाबांचा हिवाळा आणि माझ्या गुळपोळ्या

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय आणि तो कुणाला तरी सांगायलाच हवा.

माझे आईबाबा नाशिकचे. थंडीत आईचे गुडघे धरतात, म्हणून रिटायर झाल्यापासून दर हिवाळ्यात ते माझ्याकडे, सिंगापूरला, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये यायचे. यंदा मात्र त्यांनी पुलापलीकडे, मलेशियातल्या जोहोरला घर भाड्याने घेतलंय. "बाल्कनीतून तुझं सिंगापूर दिसतं गं," आई म्हणते. दिसतं म्हणे!

आज संक्रांत. सुट्टी टाकली, पहाटे उठून गुळपोळ्या केल्या आणि डबा घेऊन बसने सीमेपलीकडे गेले. दार उघडलं तर आत सगळी रिटायर्ड मंडळी पत्ते कुटत बसलेली, आणि बाबा खो खो हसतायत. माझ्याकडे असताना हेच बाबा दुपारभर खिडकीशी गप्प बसायचे.

टेबलावर गुळपोळ्यांची चळत!

"शेजारच्या शैलाताईंनी केल्यात. त्याही पुण्याहून थंडीपुरत्या येतात," आई म्हणाली. "काय खुसखुशीत झाल्यात! पण तू फोन करून यायचंस ना गं."

फोन करून? आईकडे?

निघताना आईने माझा डबा परत दिला. रिकामा डबा द्यायचा नाही ही आमच्या घरची रीत, म्हणून तिने त्यात शैलाताईंच्या पोळ्या भरल्या होत्या.

परतीच्या बसच्या रांगेत भूक लागली. एक खाल्ली. मग दुसरी. खरंच खुसखुशीत होत्या हो, त्याचाच जास्त राग आला.

खरं सांगा, तुम्ही आईकडे फोन करून जाता?