शनिवारी न पळणारे पाय

शिवाजीनगरच्या स्टँडवर नगरची एसटी पकडली, तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, टॉवेल, पोटाच्या गोळ्या आणि आमच्या फुटबॉल क्लबाच्या अध्यक्षांचं पत्र होतं. नगरला जाऊन सोपानचे दोन सामने पाहावेत आणि त्याला क्लबात कायमचा घ्यावा की नाही ते रविवारी संध्याकाळच्या बैठकीत सांगावं, असा त्यात हुकूम होता. मी क्लबाचा सहचिटणीस. पगार शून्य आणि बोलणी खायला पहिला. उत्तर मी मनात आधीच लिहून ठेवलं होतं, आणि ते 'नाही' असं होतं.

त्याला कारण होतं. सोपान मूळचा काष्टीचा, नगरच्या एका शाळेच्या बोर्डिंगात राहून खेळ शिकलेला. आदल्या वर्षी, म्हणजे सत्तर साली, आम्ही त्याला पुण्यात आणून तात्पुरता खेळवला होता. बुधवारच्या सरावात तो असा खेळायचा की अध्यक्ष खुर्चीवरून उठून उभे राहायचे. आमचे सामने मात्र शनिवारी, आणि शनिवारी हा गडी अर्ध्या तासात गळून जायचा. पाच शनिवार, पाच सामने, गोल एकही नाही. पहिल्या सामन्याआधी मी त्याच्यापुढे बटाटेवडा धरला, तर म्हणाला, "आज शनिवार हाय, साहेब." उपवास, एवढं मला कळलं. मी लगेच दोन केळी आणून दिली आणि वर 'एकादशी अन् दुप्पट खाशी' अशी चेष्टाही केली. त्यानं हसून केळी पिशवीत टाकली. पुढे दर शनिवारी दोन केळी हा रिवाजच पडला. क्लबाची केळी खाऊन जो गोल करत नाही त्याला कायमचा कशाला पोसायचा, हे माझं सरळ म्हणणं होतं.

शिरूरला गाडी थांबली. चहा इतका कढत होता की बशीत ओतून फुंकेपर्यंत गाडी हलली. बशी तिथेच टाकून मी धावलो आणि कंडक्टरनं बखोट धरून आत ओढलं. पुढे घोड नदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. जानेवारी होता. दोन्ही बाजूंना शाळू (रब्बीची ज्वारी) कणसात आला होता आणि माचाणांवरून बायका गोफणीनं पाखरं हाकत होत्या. मधेच उघडा माळ, मधेच विहिरीपुरता हिरवा तुकडा. या मुलखाला फुटबॉल कुठून सुचला असेल, असं मला वाटलं. नगरात शिरल्यावर त्याचं उत्तर मिळालं. एका अंगाला लष्कराची छावणी, दुसऱ्या अंगाला मिशनच्या शाळा. त्यांच्या मधल्या प्रत्येक मोकळ्या जागेत चार दगड मांडून कोणी ना कोणी चेंडू लाथाडत होतं.

माळीवाड्याच्या स्टँडवर मी टांगा केला. टांगेवाल्याला सोपान माहीत होता. "लई गुनी पोरगं," तो घोड्याला उद्देशून बोलावं तसं बोलला, "पर फायनलला चालत न्हाई. फायनल आली की पाय गळतात त्याचं." नगरच्या फायनली नेहमी शनिवारी असतात, कचेऱ्या अर्ध्या दिवसानं सुटतात म्हणून, अशी माहितीही त्यानं पुरवली. मी मान डोलावली. माझं मत गावानंही कबूल केलं होतं. मोठ्या सामन्याला बिचकणारा खेळाडू आम्हाला काय कामाचा?

त्या दिवशी शुक्रवार होता आणि सोपानच्या संघाचा उपांत्य सामना होता. छावणीजवळच्या मैदानावर शिपाई, शाळेतली मुलं आणि सायकलींना टेकलेले कारकून जमले होते. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी माझं मत विसरलो. उजव्या बाजूनं तो निघाला की पुढचा माणूस आपोआप बाजूला झाल्यासारखा वाटायचा. त्यानं दोन गोल केले. दुसऱ्या गोलाला मी टोपी उडवली, ती एका सुभेदारांच्या मांडीवर पडली. त्यांनी ती झटकून परत दिली आणि म्हणाले, "ऐसा लडका छोडना नहीं."

सामन्यानंतर सोपान माझ्याजवळ येऊन बसला. उंच, काटक, बोलायला लाजाळू. त्यानं स्वतःहून फारसं काही सांगितलं नाही. मीच खोदून विचारलं. साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर त्याला कायमची नोकरी मिळत होती आणि सोमवारी होकार द्यायचा होता. काट्यावर गेलं की सगळा हंगाम तिथेच. मग खेळ संपला. वडलांचं म्हणणं होतं, पुण्याचं होत असेल तर जा, नाहीतर हे लटकणं पुरे.

"तुमी न्हाई म्हनलात तर बूट पोत्यात बांधून माळ्यावर टाकनार," तो म्हणाला. "राग न्हाई धरनार. येकदा काय ते कळू द्या."

मी गंभीर चेहऱ्यानं 'बघू' म्हणालो. रात्री खाणावळीत त्या गोलांच्या आनंदात मी असली झणझणीत मटकीची उसळ चापली की सकाळी पोटानं संप पुकारला. शनिवारी मी चहादेखील घेतला नाही. दुपारी मैदानाकडे पायी निघालो, तर किल्ल्यापाशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. मैलभर रस्ता, पण मला टांगा करावा लागला. टांगेवाला कालचाच निघाला आणि त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

फायनलबद्दल काय लिहू? पहिली वीस मिनिटं सोपान कालचाच होता. मग पावलं जड झाली. उत्तरार्धात समोर फक्त गोलकीपर उरलेला असताना त्यानं चेंडू असा मारला की तो लोळत बाहेर गेला. तो तिथेच गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. मागून कोणीतरी शिट्टी वाजवली. एका गोलानं त्यांचा संघ हरला. मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण काल त्या पोरानं मला फसवून आशेला लावलं होतं.

खरं तर मी नगरहूनच परतणार होतो. पण परतीच्या वाटेवर काष्टीला उतरा, आईनं जेवायला बोलावलंय, असं सोपाननं आदल्या दिवशी सांगितलं होतं आणि मी हो म्हणून बसलो होतो. दिलेला शब्द गळ्यात पडला. संध्याकाळच्या दौंड पॅसेंजरला आम्ही दोघं समोरासमोर बसलो. माझं पोट आता ताळ्यावर आलं होतं. विसापूरला मी शेंगा घेतल्या, त्याच्यापुढे पुडी केली. त्यानं नको म्हटलं. बेलवंडीला माझ्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी पुढे केलं, तेही नको. गोल हुकवायचा आणि वर फुगून बसायचं, असं मी मनात म्हणालो आणि शेंगा एकट्यानं संपवल्या. खिडकीबाहेर माळ संपून ऊस सुरू झाला होता, आणि उसाच्या गाड्यांची रांग कालव्याच्या कडेनं कारखान्याकडे चालली होती.

काष्टीला उतरलो तेव्हा दिवेलागण होत होती. बाजाराचा दिवस असल्यानं उरलीसुरली माणसं शेरडं हाकत घराकडे निघाली होती. सोपान घरी न जाता आधी वेशीजवळच्या मारुतीला गेला. तेल वाहिलं, हात जोडले. मग घर. दारात त्याची आई उभी होती. तिनं मला 'या भाऊ' म्हणायच्याही आधी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तो तांब्या त्यानं तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली घेतला. दुसराही तसाच.

मी हसत म्हणालो, की गाडीत तर माझं पाणी यानं नाकारलं.

"शनवारी दिवा लागंस्तवर पान्याचा थेंब घेत न्हाई त्यो," आई म्हणाली.

"पाणीसुद्धा नाही? मग केळी वगैरे?"

"फळ खाल्लं तर त्यो उपास कसला, भाऊ?"

मी सोपानकडे पाहिलं. तो अवघडून म्हणाला, "दिवा लागल्यावर खोलीवर जाऊन खायचो, साहेब. तुमी प्रेमानं दिलेली, टाकून कशी द्यायची?"

आम्हा पुण्याच्या माणसांचा उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी आणि वर ताक. उपवासाच्या दिवशी आमच्या घरी जास्त स्वयंपाक होतो. दुसऱ्याचा उपवासही तसाच असणार हे मी धरूनच चाललो होतो; विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. तो काल रात्रीपासून कोरडा होता आणि तसाच भर उन्हात पळत होता. मी एका वेळच्या उपाशी पोटानं मैलभर चालू शकलो नव्हतो. मला माझी लाज वाटली.

त्या भरात मी बोलून गेलो, "अहो, पण सामने तर सगळे शनिवारीच असतात."

आईचा हात भाकरीच्या दुरडीवर थांबला. मुलानं तिला पुण्याचे सामने रविवारी असतात आणि नगरचा कालच संपला, असं सांगितलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तो जमिनीकडे.

मग तिनं मला सगळं सांगितलं. सोपान तीन वर्षांचा झाला तरी उभा राहत नव्हता. पाय काडीसारखे. पोर चालू दे, शनवारी पाणीदेखील घेणार नाही, असा तिनं मारुतीला नवस बोलला. वर्षाच्या आत तो चालला, आणि मग पळायलाच लागला. नवस फळला म्हणजे उद्यापन (व्रताची सांगता) करून उपवास सोडायचा असतो. पण तिचा जीव धजला नाही. उपवास सुटला आणि पाय गेले तर? पंधरा वर्षं ती शनिवार करत राहिली. दोन वर्षांमागे उसात चक्कर येऊन पडली, डॉक्टरांनी उपवास बंद करायला लावले, तेव्हा आईचा नवस मोडू नये म्हणून पोरानं तो आपल्या अंगावर घेतला. आईला त्यानं सामन्यांचा वार सांगितला नाही आणि आम्हाला उपवासाची जात सांगितली नाही.

"ज्या पायांसाठी उपास धरला," ती त्याला म्हणाली, "त्येच पाय उपाशी पळवतोस व्हय रं?"

"तुझा नवस मोडला असता, आई."

"मोडायचा कशाला? फेडायचा हुता. मीच भ्याले."

ती उठली. घरातून नारळ घेतला, वाटीत तेल घेतलं. उद्या सकाळी निवांत करू, असं सोपानचे वडील म्हणाले. ते कालव्याच्या पाण्याची पाळी सोडून नुकतेच आले होते, पाय चिखलानं भरलेले. ती म्हणाली, आजचा शनवार अजून सरलेला नाही. तेव्हा आम्ही चौघं त्याच रस्त्यानं परत मारुतीकडे गेलो. तेलाची वाटी माझ्या हातात दिली होती आणि आयुष्यात कुठली फाईल मी इतकी जपून नेली नसेल. तिनं नारळ फोडला. देवाशी काय बोलली ते ऐकू आलं नाही. परत फिरताना मात्र ती सोपानच्या मागे दोन पावलं राहिली आणि घर येईपर्यंत त्याच्या पायांकडे बघत चालली.

जेवायला बाजरीची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा. पोटाच्या गोळ्या पिशवीत होत्या, म्हणून मी ठेच्यालाही नाही म्हटलं नाही.

रविवारी सकाळी वडील आणि मी बांधावर उभे होतो. उसाच्या कडेच्या मोकळ्या पट्टीत सोपान एकटाच चेंडू घेऊन पळत होता. वडील फार बोलणारे नव्हते. त्यांनी एकदाच विचारलं, "मग, न्हेताय का?" कमिटी ठरवेल, असं नेहमीचं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं आणि 'नेतो' म्हणालो. निघताना आईनं फडक्यात भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

"येक काम करा, भाऊ," ती म्हणाली. "शनवारी खेळाच्या आधी त्याला पुढ्यात बसवून जेवू घाला. त्यो मागनार न्हाई. सवय न्हाई त्याला."

दौंडला गाडी बदलून संध्याकाळी पुण्यात पोचलो तो थेट बैठकीला. खजिनदारांनी नेहमीच्या तिरक्या सुरात विचारलं, की पाहिलं का तुमचं ते रत्न. मी पाहिलेलं सगळं सांगितलं, माझ्या केळ्यांसकट. आमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी त्या पोराला आळशी म्हटलं होतं. मग खजिनदार म्हणाले, सगळं खरं, पण आता तो पळेल याची हमी काय? मी म्हणालो, हमी नाही. फक्त शनिवारी तो माझ्याकडे जेवेल. अध्यक्षांनी यादीत नाव लिहिलं.

पहिल्या शनिवारी तो आमच्या घरी पाटावर बसला, पण हात ताटाकडे जाईना. दाराबाहेरच्या उन्हाकडे बघत होता, दिवा लागायला अजून किती वेळ आहे ते पाहावं तसा. मी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो आणि आईचं नाव घेतलं. मग त्यानं पहिला घास घेतला. पाच पोळ्या झाल्यावर आमच्या मंडळींनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

त्या दिवशी सामना बरोबरीत सुटला आणि सोपाननं एकही गोल केला नाही. पण शेवटच्या दहा मिनिटांत, बाकीचे सगळे दमून चालत असताना, उजव्या बाजूनं एकटा तो पळत होता. मी कडेला उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलो. शिट्टी झाल्यावर पिशवीत हात घातला तेव्हा कळलं, सवयीनं त्याच्यासाठी आणलेली दोन्ही केळी मीच खाऊन टाकली होती.