मामांनी फोन परत केला

माझ्या धाकट्या मामांइतका संशयी आणि अस्वस्थ माणूस पलूसच्या पंचक्रोशीत दुसरा झाला नाही. फौजेत सिग्नलला बावीस वर्षं काढून आलेले. दुसऱ्याचं बोलणं ऐकण्यात उमेदीचा काळ गेला, त्यामुळे आपलंही कुणीतरी ऐकत असणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. चहाचा कप हातात घेऊन ते ओसरी ते गोठा अशा फेऱ्या मारत आणि बोलायचं ते चालता चालता बोलत. आपण त्यांच्या मागे धावायचं. एसटीत उतरायचं गाव कंडक्टरच्या कानात सांगत. आष्ट्याला डॉक्टरांनी "काय होतंय?" असं विचारलं, तर म्हणाले, "आदी त्या कंपाउंडरला भायेर काढा." होत होता साधा खोकला, आणि तो बाहेरच्या बाकावरच्या सगळ्या पेशंटांनी तासभर ऐकलेला होता! पोस्टकार्डाला तर ते हातही लावत नसत. "चावडीवर उभं ऱ्हाऊन वराडलेलं काय वाईट?" असा त्यांचा सवाल असे.

अशा माणसाला मी फोन मिळवून दिला. नव्वदीची सुरुवात होती, मी सांगलीत टेलिफोन खात्यात नोकरीला होतो, आणि नंबर लागायला लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते. मामांची एकुलती एक लेक नुकतीच म्हसवडला दिलेली. सासर तालेवार, त्यांच्याकडे एका लाइनीवर दोन फोन, एक सोप्यात आणि एक माडीवर. म्हणून मी अर्जामागे लागलो. फोन आला तेव्हा मामीनं त्याला हळदीकुंकू वाहिलं, क्रोशाचं झाकण विणलं. मामा दर रविवारी उभ्यानं लेकीशी बोलत. आणि चौथ्या महिन्यात ते सांगलीला माझ्या ऑफिसात आले, पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला फोन काढला आणि सगळ्यांदेखत माझ्या टेबलावर ठेवला.

"बिघडला का मामा?"

"न्हाई. यंत्र लय झ्याक हाय. आमाला नको."

"आवं, लोक नंबरासाठी तडफडतात!"

"मग त्यास्नी द्या की."

ऑफिसात माझी शोभा झाली. आठवडाभर जो तो विचारत होता, तुमचे मामा परत कधी येणार. मामांनी मात्र स्वतःचं टपाल खातं सुरू केलं. जुन्या कॅलेंडरच्या जाड पानांची पाकिटं करायची, कारण साधं पाकीट उजेडात धरलं की आतलं दिसतं. डिंक लावायचा नाही, कारण तो वाफेवर सुटतो. पाकीट चक्क सुईदोऱ्यानं शिवायचं आणि शेवटी स्वतःची खास गाठ मारायची, म्हणजे मधे कुणी उसवलं तर कळतं. विट्यावरून म्हसवडला जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर गावातलाच. तो ते पाकीट सिद्धनाथाच्या देवळाजवळच्या कासारणीकडे द्यायचा, आणि कासारीण बांगड्या भरायला म्हणून थेट आत, लेकीच्या खोलीत. येताना उलटा प्रवास. पोरीच्या हातात दर पंधरवड्याला नव्या बांगड्या. सासूला वाटे, सुनेला भारी हौस. हे सगळं मला मामीनं विश्वासानं सांगितलं, आणि मी पोट धरधरून हसलो.

नुसतं हसून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला आमच्या खात्याचा अभिमान! एके दिवशी ऑफिसातून म्हसवडला फोन लावला. मामेबहिणीनंच उचलला. म्हटलं, "अगं, कासारणीच्या हातून पत्रं कसली धाडतीस? घरात दोन-दोन फोन आहेत, बोल की मोकळेपणानं!" ती घाईघाईनं आईच्या तब्येतीचं विचारू लागली. तेवढ्यात तिचा आवाज एकदम बारीक झाला. मला वाटलं, लाइन खराब आहे. म्हणून तेच वाक्य मी पुन्हा, मोठ्यानं, सावकाश सांगितलं.

त्यानंतर पत्र आलं नाही. एक पंधरवडा गेला, दुसरा गेला. कंडक्टर म्हणाला, कासारणीला दारातूनच परत लावतात. मामा माझ्याकडे आले. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसते चालत होते. मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. मामा जागच्या जागी थांबले.

"तू बोलताना आवाज पडला हुता का रं?"

"हो. एकदम."

"माडीवरचा उचलला," मामा म्हणाले. "दर रइवारी आसाच पडायचा. पोर बोलता बोलता गप व्हायची. म्हणून तर फोन काडला."

एका लाइनीवर दुसरा फोन उचलला की पहिल्याचा आवाज पडतो, हे मी रोज गिऱ्हाइकांना समजावून सांगत होतो. मला लाज वाटली, इतकी की मामांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी शिवीसुद्धा दिली नाही. पहाटेच्या गाडीनं म्हसवडला गेले आणि संध्याकाळी लेकीला घेऊन आले. अंगावरच्या लुगड्यानिशी आली ती.

पुढं तिनं सांगलीत डी.एड.ला नाव घातलं. राहायची सोय कुठं करायची, हा प्रश्न होता. मामा तिला घेऊन सरळ माझ्या दारात उभे राहिले. मला तोंड वर करवेना.

"तू हायस म्हणून ठिवतोय," ते म्हणाले. "फकस्त एक. तिनं आपणहून सांगितल्याबिगर म्हसवडचं कायबी इचारायचं न्हाई."

दोन वर्षं ती आमच्याकडे राहिली. शिकली, मास्तरीण झाली. मामा जाऊनही आता बराच काळ लोटला. त्या माडीखाली तिच्यावर काय गुदरलं, त्या पत्रांत काय होतं, मला आजही ठाऊक नाही. कधी घरी आली की गप्पा मारता मारता मध्येच थांबते, खिडकीबाहेर बघत बसते. विचारावंसं फार वाटतं. मी गप्प राहतो. तिला पुन्हा बोलावंसं वाटेपर्यंत शेजारी बसून राहतो.