कापून टाकलेलं बोलणं

माझ्या नवऱ्याने शंभरावर इंग्रजी विज्ञानपट पाहिलेत, आणि त्यातला एकही पूर्ण पाहिलेला नाही.

आमचं लग्न झालं तेव्हा त्याचा धुळ्यात हायवेच्या कडेला पत्र्याचा व्हिडिओ हॉल होता. प्रेक्षक म्हणजे ट्रक ड्रायव्हर, क्लीनर आणि जिनिंगवरचे मजूर. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. पडद्यावरची माणसं बोलायला लागली की मागून शिट्ट्या सुरू व्हायच्या, आणि बोलणं लांबलं की चपला यायच्या. म्हणून नवी कॅसेट आली की आधी ती कापावी लागे. घरी दोन व्हीसीआर वायरने जोडून ठेवले होते. एकात मूळ कॅसेट चालायची, दुसऱ्यात कोरी भरत जायची. बोलणं आलं की दुसरा थांबवायचा, गोळीबार आला की पुन्हा सुरू करायचा. दोन तासांचा सिनेमा सत्तर मिनिटांत बसवला की दिवसाला तीनऐवजी पाच खेळ होत.

हे कापण्याचं काम माझ्याकडे होतं. दुपारची भांडी आवरली की मी बटणावर बोट ठेवून बसायचे. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, त्यामुळे ती माणसं काय बोलतात ते मला समजायचं. समजून घ्यायचे आणि कापायचे. खरं सांगायचं तर मला त्या कामाचा कंटाळा नव्हता. अख्खा सिनेमा बघणारी त्या हॉलशी संबंधित मी एकटीच होते.

मग केबल आली, हॉल बसला. नवऱ्याने बसस्टँडजवळ गाळा घेतला, तिथे आधी सायबर कॅफे काढला आणि तो चालेना तेव्हा गेमिंगचं दुकान. आठ कॉम्प्युटर, आठ हेडफोन, दोन कूलर. कॉलेजची पोरं यायची आणि बंदुकीचे गेम खेळायची. सगळे त्याला नाना म्हणायचे, मला काकू.

पहिल्याच आठवड्यात एक डिप्लोमाचा विद्यार्थी खेळत होता. पडद्यावर लोखंडी बोळ, भिंतीला लाल दिवे, छताला पाइप. नवरा पाण्याचा जार ठेवायला मागून चालला होता. तो थांबला.

"पुढे जाऊ नको. वरून पडेल."

"काय पडेल?"

"ते. छताच्या जाळीतून. आधी पाणी टपकेल."

पाणी टपकलं आणि जाळीतून ते पडलं. त्या दिवसापासून नवऱ्याला मान मिळायला लागला. कोणताही नवा गेम आला की पोरं त्याला मागे उभं करायची आणि तो सांगत जायचा. आता दार मधून उघडेल. आता बाईच्या आवाजात आकडे उलटे मोजायला लागतील, त्याआधी पळ. हा हेल्मेटवाला चांगला वागतोय, म्हणजे हा मरणार. मोठ्या राक्षसाची छाती मधूनमधून उजळते, गोळी तिथेच मार. दहापैकी नऊ वेळा बरोबर निघायचं.

पोरांना तो चमत्कार वाटायचा. मला नाही वाटला. काउंटरवर बसून मी आठही पडदे पाहायचे, आणि ते बोळ, ते दिवे, ती निळी चमकणारी बंदूक मला ओळखीची होती. परदेशात कुणीतरी त्याच सिनेमांचं तेच केलं होतं, जे मी दुपारी करायचे. बोलणं फेकून दिलं, उरलेलं ठेवलं, आणि बंदूक सिनेमातल्या माणसाऐवजी गिऱ्हाईकाच्या हातात दिली. नवऱ्याच्या डोक्यात नेमकी तीच सत्तर मिनिटं भरलेली होती.

पण हळूहळू पोरं फोनवर खेळायला लागली. आठांतले पाच कॉम्प्युटर रिकामे असायचे. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे मात्र रांग असे. परीक्षेचे फॉर्म, शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीचे दाखले. मी नवऱ्याला म्हटलं, गेम बंद करू, फॉर्म भरू. तो म्हणाला, "मी काय पोरांचे अंगठे स्कॅन करत बसू?" मी म्हटलं, "पोरांच्या मागे उभं राहण्यापेक्षा बरं." असं वर्षभर चाललं.

शेवटी निकाल लागला तो जळगावच्या एका माणसामुळे. तोही गेमिंगचं दुकान चालवायचा, वय तिशीचं, जीभ तिखट. कुठल्याशा लग्नाला धुळ्याला आला होता, तेव्हा दुकानात डोकावून गेला. नवऱ्याचं सांगणं त्याने अर्धा तास ऐकलं आणि म्हणाला, "नाना, हे तर भविष्य सांगणाऱ्या पोपटाचं काम झालं. जळगावला या. कुणीच न पाहिलेला गेम लावतो. तुमचा एक खेळणारा, मागे तुम्ही. माझा एक खेळणारा, मागे कुणी नाही."

त्या रात्री जेवताना मी सरळ सांगितलं. "तुम्ही जिंकलात तर मी फॉर्मचं नाव काढणार नाही. हरलात तर गेम बंद."

"पुन्हा काढायचं नाही?"

"नाही."

"ठरलं," तो म्हणाला, आणि भाकरी संपवली. हरण्याचा विचार त्याच्या मनातही आला नव्हता. त्या दुकानाशिवाय त्याला कुठेच कुणी काही विचारत नव्हतं, हे मला माहीत होतं. ते माहीत असूनच मी अट घातली.

मे महिन्यात आम्ही जळगावला गेलो. बरोबर आमच्याकडे खेळायला येणाऱ्यांतली सगळ्यात चांगला हात असलेली मुलगी होती. मूळची शिरपूरची, धुळ्यात होस्टेलला राहून डिप्लोमा करणारी. अडली की तिच्या तोंडून गावची बोली निघायची. पारोळा येईपर्यंत नवरा तिला समजावत होता. "माझ्या आवाजाकडे लक्ष ठेव. पडद्यावर कोण काय बोलतंय त्याकडे नको. ते सगळं वेळकाढू असतं."

दुकान आमच्या दुप्पट होतं. तीसेक पोरं जमली होती, बाकांवर केळीचे वेफर्स चालले होते. दोन मोठे पडदे शेजारी शेजारी. जो आधी बाहेर पडेल तो जिंकला. जळगावचा खेळणारा एक अबोल पोरगा होता, चष्मेवाला.

गेम सुरू झाला. बर्फात अडकलेलं जहाज, त्यातून बाहेर पडायचं; वीज गेलेली, बंदुकीवर बसवलेली बॅटरी तेवढी चालू. मग एका खोलीत म्हातारी डॉक्टरीण भेटली. हातात मग, टेबलाशी बसलेली. ती बोलायला लागली.

माझ्या बोटात काहीतरी हललं. ही बाई, हा मग, हे टेबल मी पाहिलं होतं. तोच सिनेमा नव्हता, पण त्या सिनेमावरूनच काढलेलं होतं. मूळ सिनेमात ती दहा मिनिटं बोलते. सांगते, की त्या प्राण्याला डोळे आहेत ते फक्त उजेड पाहण्यापुरते. अंधारात तुम्ही त्याच्या शेजारून चालत गेलात तरी त्याला कळत नाही. गोळी झाडली तर ठिणगी दिसते आणि आणखी येतात. म्हणून दिवे मालवा आणि हळू चाला. ती दहा मिनिटं मी एका दुपारी कापली होती.

"दाब, दाब. पुढे घे," नवरा म्हणाला. मुलीने बटण दाबलं आणि म्हातारी अर्ध्या वाक्यात गप्प झाली.

शेजारचा चष्मेवाला हात मांडीवर ठेवून ऐकत बसला होता.

आमच्या बाजूची मुलगी पुढे निघून गेली तशी पोरं ओरडायला लागली. पहिला प्राणी आला. "डाव्या हाताला," नवरा म्हणाला, आणि खरंच डाव्या हाताला होता. तिने मारला. लगेच दोन आले. मग चार. "मार, थांबू नको. शेवटी मोठा येईल, त्याच्या छातीत मार." मोठा कुणी येत नव्हता. लहानच येत होते आणि संपत नव्हते. मुलगी मेली. पुन्हा त्याच बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. पुन्हा मेली.

"नाना, आते काय शे?" ती म्हणाली. आता काय, म्हणून विचारत होती.

"गोळ्या वाढव."

"गोळ्या सरन्यात."

"मग मागे जा. नाही, मागे नको. उजवीकडे."

"नाना, तुम्ही सिनेमा पाहिला होता का नुसतं पोस्टर?" जळगाववाला म्हणाला. सगळे हसले. एकजण म्हणाला, "नानांचा पोपट उडाला." दुसऱ्याने वेफर्सची पिशवी पुढे केली, "पोपटाला द्या." नवरा वळला नाही. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती, आणि कूलर अगदी त्याच्यामागेच होता.

चष्मेवाल्याने ऐकणं संपवलं, बॅटरी बंद केली आणि चालायला लागला. त्याचा पडदा काळा झाला. पोरांना वाटलं मशीन बंद पडलं.

मुलीने एक हेडफोन कानावरून काढला आणि माझ्याकडे मान वळवली. मी तिच्यापासून तीन फुटांवर बाकावर होते.

"काकू, तुम्हाला काही सुचतंय?"

दिवा बंद कर, एवढंच मी म्हणायला हवं होतं. अजून वेळ होता. ती चष्मेवाल्यापेक्षा वेगाने चालली असती.

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं.

ती पुन्हा पडद्याकडे वळली. आणखी दोनदा मेली. तेवढ्यात शेजारच्या काळ्या पडद्यावर एक दार उघडलं आणि बर्फ दिसला. चष्मेवाला बाहेर पडला होता. त्याने एकही गोळी झाडली नव्हती.

जळगाववाल्याने आम्हाला भरीत-पुरी खाऊ घातली आणि खाताना हसत राहिला. "पूर्वीचे गेम सोपे होते, नाना. आता गेम करणाऱ्यांनी लहानपणी पूर्ण सिनेमे पाहिलेत." त्याला बिचाऱ्याला आपण काय बोललो ते ठाऊक नव्हतं. नवऱ्याने पुरी तशीच ठेवली.

परतीच्या बसमध्ये मुलगी पुढच्या सीटवर झोपली. नवरा खिडकीशी. एरंडोल मागे पडल्यावर तो म्हणाला, "तुला माहीत होतं."

"हो."

"कसं?"

"तसल्या एका सिनेमात आहे. मी कापलं होतं."

"ती म्हातारी काय सांगते?"

"दिवा बंद करा म्हणते."

"बस?"

"बस."

"त्याला किती वेळ?"

"दहा मिनिटं."

त्याने खिडकीची काच सरकवली. बाहेर कापसाची रानं उघडी पडली होती, बघण्यासारखं काही नव्हतं.

"एवढंच होतं तर ठेवायचं ना," तो म्हणाला.

"पाच खेळ बसले नसते."

हे खरं होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. मग त्याने आवाज खाली आणला. "पोरीने विचारलं होतं तुला."

"हो."

पुढच्या सीटवर झोपलेल्यालाही मागचं बोलणं ऐकू येतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. धुळ्याला उतरल्यावर मुलगी नवऱ्याला "येते नाना" म्हणाली आणि माझ्याकडे न बघता रिक्षात बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्ड रंगवणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "नानांना विचारलं का?" मी म्हटलं, "विचारायचं काही उरलं नाही, ते हरलेत." नवरा आत वायरी गुंडाळत होता, त्याला ऐकू गेलं. ऐकू जावं असंच मी बोलले होते. त्याने वायरी नीट गुंडाळल्या, प्रत्येकीला रबर लावलं.

आठांतले सहा कॉम्प्युटर जळगाववाल्यानेच नेले. टेम्पो भरताना तो नवऱ्याला म्हणाला, "रविवारी येत जा, नाना. पोरांना जुने गेम लावून देतो, तुम्ही सांगा. करमणूक होईल."

फॉर्मचं दुकान पहिल्या महिन्यापासून चाललं. जूनमध्ये ती मुलगी परीक्षेचा फॉर्म भरायला आली, पण शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे. तिथे वीस जण पुढे होते आणि माझ्याकडे तीन. ती उन्हात उभी राहिली. मी हाक मारली नाही.

नवरा दर रविवारी सकाळच्या बसने जळगावला जातो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याला पूर्ण लागतं, तरी जातो. एकदा मी विचारलं, "तिथे तुम्हाला हसतात ना?"

"हसतात," तो म्हणाला. "पण खुर्ची देतात."

रविवारी आपलं दुकान बंद असतं, त्यामुळे माझं काही अडत नाही.