आबांनी हँडल का धरलं नाही

"मॅडम, आबा पडले न्हायत. बसलेत."

फोनवर दत्ताचं हेच चाललं होतं. मी भूममध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशननंतर, लकव्यानंतर माणसाला पुन्हा उभं करायचं, चालवायचं, हे माझं काम. इतक्या वर्षांत मला पडलेला पेशंट असा भेटलेलाच नाही. कुणी बसलेला असतो, कुणी नुसता टेकलेला.

"कुठं बसले?"

"बाथरूममध्ये."

"खुर्चीवर?"

"न्हाय... फरशीवर."

मी स्कूटी काढली आणि दत्ताचं गाव, ईट, गाठलं.

आबा म्हणजे दत्ताचे वडील, ऐंशीच्या पुढचे. खुब्याचं हाड मोडून सोलापूरला ऑपरेशन झालेलं. आत्ता कुठं वॉकर घेऊन चालायला लागले होते. या वेळी नशिबानं मुक्या मारावर निभावलं. पण खुबा दुसऱ्यांदा मोडला, तर या वयात माणूस पलंगाला खिळतो, आणि बहुतेकदा तिथून उठत नाही.

दत्तानं उपाय काढूनच ठेवला होता. पलंगाशेजारी डायपरचं मोठं पाकीट. "आता खाली उतरायचंच न्हाय. सगळं जागेवर."

"म्या काय तान्हं लेकरू हाय का?" आबा भिंतीकडं तोंड करून म्हणाले. मला लई वाईट वाटलं. या माणसानं पाण्याचा तांब्या सोडला तर जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं.

"थांबा जरा," मी म्हटलं. "आधी का पडले, ते बघू."

"बसले," दत्ता म्हणाला.

घर नवं. हॉलची फरशी अशी चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. बाथरूमची मात्र मी मागंच भांडून खडबडीत करून घेतली होती. वॉकरच्या पायांची रबरी टोपणं शाबूत होती. ब्लडप्रेशर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळा मोजलं. उठताना ते एकदम उतरलं की चक्कर येते. तेही ठीक. मग ग्रॅब बार बघितला. म्हणजे कमोडशेजारी भिंतीत पक्कं बसवलेलं स्टीलचं हँडल, धरून उठायला-बसायला. त्याच्यावरचे ओले कपडे बाजूला सारून मी स्वतः त्याला लोंबकळले. माझं वजन सांगत नाही, पण हँडल हललं नाही. कपडे परत होते तसे टाकले.

मग पडले कसे?

"आबा, रोज कसं करता ते दाखवा बरं."

आबा वॉकर टेकत आले. मी मागं, दत्ता माझ्या मागं. आबांचा हात हँडलकडं गेला, वीतभर अलीकडं थबकला, आणि खाली येऊन त्यानं प्लास्टिकच्या बादलीचा काठ धरला. बादली सरकली. मी पटकन काखेत हात घातला म्हणून, नाहीतर परत 'बसले' असते.

"अहो आबा! हँडल समोर आहे की!"

"दिसतंय."

"मग धरा ना!"

आबांनी दत्ताकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सूनबाईचं लुगडं हाय त्येच्यावर. परकर बी हाय. सासऱ्यानं हात लावायचा व्हय?"

"मग सांगायचं की तिला!"

"काय सांगू? सुनेसंगं परकराची बोलणी करू?"

घ्या! खुबा मोडला तरी चालेल, मर्यादा मोडायची नाही. मला हसू आलं आणि संतापही आला.

सूनबाईला, संगीताला, हाक मारली. ती पिठाच्या हातानंच आली. "ते कपड्याला न्हाय व्हय? पाहुणे तर म्हणत्यात, लई भारी स्टँड बसवलंय." मग मी समजावून सांगितलं, आणि तिचे डोळे भरले. "म्हंजी आबा माझ्यामुळं पडले?"

त्या घरातल्या माणसांत 'पडले' हा शब्द पहिल्यांदा तिनं उच्चारला.

मी दत्ताकडं वळले. "हिला हँडलचं सांगितलं नव्हतंत?"

"मिस्त्रीला सांगितलं. मेव्हण्याला दाखवलं. ग्रुपवर फोटो टाकला. हिला काय सांगायचं, ही घरातच असती की!"

बाथरूम घासणारी ती, आबांचं गरम पाणी काढणारी ती. तिला सोडून अख्ख्या भावकीला हँडल माहीत होतं! मी दत्ताला असं झापलं की चहासुद्धा विचारायचा राहिला.

संगीतानं कपडे उचलले, हँडल पदरानं पुसलं. दत्ता गच्चीवर दोरी बांधायला गेला. आबांनी हँडल धरलं, बसले, उठले. परत बसले, उठले. मग म्हणाले, "आता खरंच जायचंय," आणि आम्हाला बाहेर काढून दार लोटलं. गच्चीवरनं दत्ताही धावत आला. आम्ही तिघं दाराबाहेर श्वास रोखून उभे.

"आबा, धरलं का?" दत्ता ओरडला.

"धरलंय! पर तुमी जावा की तिकडं! दारात जत्रा भरल्यावर व्हतंय का कुणाला?"

आम्ही गेलो. थोड्या वेळानं आबा आपल्या पायानं बाहेर आले. अजूनही जातात, येतात.

तेव्हा घरात हँडल बसवलंत की ते कुणाकुणाला सांगितलं, एवढं एकदा बघा. मी तरी आता बैठकीत फक्त चहा पिते. सूचना स्वयंपाकघरात जाऊन देते.