एकाने घरी थांबायचं

फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "तुमचे भाऊ आमच्याकडे आलेत, ताबडतोब या," एवढंच ती नर्स बोलली. परळच्या आमच्या घरापासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर. तरी मी पोहोचले तेव्हा दादा गेलेला होता. सकाळी "छातीत जड वाटतंय, दाखवून येतो," म्हणाला आणि एकटाच चालत गेला. दीड महिना झाला, भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "सुमनताई, तुम्ही सोबत का नाही गेलात?" काय सांगू, कपाळ माझं…

सांगायचं तर संपापासून सांगावं लागतं. बाबा गिरणीत कापड विणायच्या मागावर होते. संपाच्या दिवसांत एका दुपारी ते मोर्चाला गेले आणि चाळीत बातमी आली, लाठीमार झाला. अख्खी चाळ नाक्यावर! आई लालबागकडे धावली, दादा कॉटन ग्रीनकडे आणि नऊ वर्षांची मी आईच्या मागे. तेवढ्यात बाबा दुसऱ्या गल्लीतून धडधाकट घरी आले. बघतात तर घर रिकामं. घाबरून तेही बाहेर पडले. दिवेलागणीपर्यंत आम्ही चौघं एकमेकांना शोधत फिरत होतो. भेटल्यावर आईने दादाच्या पाठीत धपाटा घातला, "घरात एकान तरी रवाक नको?" त्या दिवसापासून ठरलं, काहीही झालं तरी एकाने घरी थांबायचं. ते एक म्हणजे मी, हे सांगायला नकोच. कुणाला यायला कितीही उशीर झाला तरी मी उंबरा ओलांडायचा नाही.

दादा पुढे इंजिनियर झाला. माणसाशिवाय चालणाऱ्या छोट्या पाणबुड्या, सहा जणी मिळून समुद्राचा तळ तपासणाऱ्या. त्यांनी एकमेकींना धरून कसं राहायचं, हे ठरवणं त्याचं काम. पाण्याखाली फोन नाही, वायरलेस नाही. नुसते आवाज करून एकमेकींची खबर घ्यायची. त्याने नियम घातला होता, शेजारणीचा आवाज थांबला की शोधायला जायचं. माझाच भाऊ, दुसरं काय सुचणार! एका चाचणीत वरून मासेमारीचा मोठा ट्रॉलर गेला. त्याच्या इंजिनाच्या गोंगाटात कुणालाच कुणाचं ऐकू येईना. झालं! सहाही जणी जागा सोडून एकमेकींना शोधत सुटल्या, बॅटऱ्या संपेपर्यंत. एक तर कोळ्यांच्या जाळ्यात सापडली. दादा दोन दिवस जेवला नव्हता. घरी आला तो पांढराफटक. म्हणाला, "सुमे, बाबांचा मोर्चा झाला गं पाण्यात!" आणि हसता हसता रडायलाच लागला. मग त्याने नियम बदलला. पाच जणींनी कुठेही जावं, सहावीने ठरल्या जागेवरून हलायचं नाही. "हरवलेलीला परत यायला जागा नको?" म्हणायचा. त्यानंतर त्याची एकही हरवली नाही.

त्या सकाळी मी चप्पल घातली होती हो. "थांब रे, मी येते."

"दोघं गेलो तर घरी कोण? बस तू."

आणि मी बसले… पन्नाशी उलटलेली बाई, बावळटासारखी बसले. त्याचा रागही येतो. अरे, मी काय तुझी पाणबुडी होते?

त्याची खोली तशीच आहे. ओला टॉवेल खुर्चीवर टाकून गेला, रोजच्यासारखा, आणि मी रोजच्यासारखी ओरडलेही. आता तो वाळून कडक झालाय. अंधेरीची मावसबहीण म्हणते, चार दिवस राहायला ये. जावंसं वाटतं. माझ्या डोळ्यांदेखत त्याला अग्नी दिला, सगळं कळतं मला. पण बॅग भरायला घेतली की कपडे परत कपाटात ठेवते… तो आला आणि घरात कुणी नसलं तर?