न तापवलेली काच

आमच्या संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या प्रयोगशाळेत ज्या बाई काम करतात त्यांना सगळे शेपटीताई म्हणतात. तोंडावरही म्हणतात, आणि त्या ओ देतात. पद प्रयोगशाळा सहायकाचं, शिक्षण पदवीपर्यंत, नोकरी चोवीस वर्षांची. मी खाली कार्यालयात बसतो. रसायनशास्त्र माझा विषय नव्हे, म्हणून त्यांनी मला जसं समजावलं तसंच इथे लिहितो.

त्यांच्या प्रयोगशाळेत सोलर सेलसाठी कार्बनचे रेणू घडवतात. हे रेणू द्रावणात विरघळवून शाईसारखे काचेवर पसरता येतात. प्रत्येक रेणूला एक धड असतं, ते उजेड शोषून घेतं. धडाला तेलकट शेपट्या असतात, त्यांच्यामुळे रेणू विरघळतो. शेपटी फार आखूड असली तर रेणू विरघळतच नाही, आणि धडाजवळ तिचा पसारा झाला तर धडं एकमेकांना टेकत नाहीत, वीज पुढे सरकत नाही. "बाकावर प्रत्येकाने मांडी पसरली तर माणसं बसणार किती?" असं ताई विचारतात.

विभागप्रमुख सर संगणकावर हजारो धडं चाळून दहा निवडत. शेपटी मात्र सगळ्यांना एकच लावत, जुनी, हाताशी असलेली. ताईंचं म्हणणं असं की शेपटीला जिथे फाटा फुटतो ती जागा धडापासून दोन कार्बन लांब न्यावी. चार वर्षं दर बैठकीत त्या हे सांगत होत्या.

"ताई, शेपूट बघून कोणी घोडा विकत घेत नाही," सर म्हणत.

"लाथ मागूनच बसते, सर."

घरीही तेच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाठकोऱ्या कागदांवर षटकोन काढणं चाले. ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई म्हणत, "सूर्याला पकडायला निघाली आहेस, आधी उतू चाललेलं दूध पकड." यजमान बस चालवतात, पहाटेची पाळी असते. ते म्हणत, "आई, तिला काढू दे. दुधाचं मी बघतो." आणि दूध उतू जात असे.

शेवटी सर कंटाळले. बाहेरच्या तपासणी केंद्राकडे नमुने पाठवायचे होते, त्याला सहा आठवडे होते. सर म्हणाले, "करा तुमचा रेणू. माझ्यापेक्षा सरस निघाला तर तो पाठवू. नाही निघाला तर बैठकीत हा विषय पुन्हा नको. तुम्ही रेणू शुद्ध करायचे, आखायचं काम आमचं." ताईंनी मान डोलावली. त्यांना ठाऊक होतं, आता हरलो तर निवृत्तीपर्यंत गप्प बसायचं.

रेणू तयार व्हायला साडेपाच आठवडे गेले. नमुने शुक्रवारी जायचे होते, बुधवारी ताईंनी काचा केल्या. काचेवर थेंब टाकून ती भिंगरीसारखी फिरवतात, थेंबाचा पातळ थर होतो. मग काच तापत्या तव्यावर दहा मिनिटं ठेवायची. या प्रयोगशाळेत आजवर प्रत्येक रेणूचं असंच केलेलं. का, हे कोणी विचारलं नव्हतं. तव्यावर बारा काचा मावतात. बाटलीच्या तळाशी थोडं द्रावण उरलं, ते ताईंना टाकवेना, म्हणून तेरावी काच केली आणि बाजूला ठेवली.

दहा मिनिटांनी पाहतात तो बाराही काचांवर पांढरट ठिपके, आरशाला बुरशी लागावी तसे. सर आले, वाकून पाहिलं. ते माणूस वाईट नाहीत, हसले नाहीत. "असू द्या ताई. प्रयत्न चांगला होता," म्हणाले. ताईंना ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

काचा उचलताना त्यांची नजर तेराव्या काचेवर गेली. हिरवट निळी, एकसारखी, एक ठिपका नाही.

"ती कच्ची आहे, टाका," सर म्हणाले.

"कच्ची नाही सर, आपण शिजवून बिघडवली नाही एवढंच. जुन्या शेपटीचे रेणू अवघडून बसायचे, त्यांना ऊब देऊन सारखं करावं लागायचं. हे आपापलेच नीट बसलेत. आपण त्यांना उठवलं आणि त्यांनी घोळका केला."

"हे आत्ता सुचलं?"

"आत्ताच दिसलं. मोजून तरी बघू."

काचेवर धातूचा थर चढवून ती सूर्यासारख्या दिव्याखाली ठेवली. सरांच्या रेणूचा आकडा होता तेरा टक्के, म्हणजे शंभर भाग उजेडातली तेरा भाग वीज. पडद्यावर आलं पंधरा पूर्णांक चार. सर म्हणाले, दिवाच बिघडलाय. दिवा तपासला, पुन्हा मोजलं. पंधरा पूर्णांक चार. मग सरांनी स्वतःची काच लावून पाहिली. तेरा.

"एका काचेवर काही ठरत नाही," ते म्हणाले, पण आवाज उतरला होता.

गुरुवारी ताईंनी उरलेल्या रेणूचं नवं द्रावण करून बारा काचा केल्या, तव्याचं बटणसुद्धा दाबलं नाही. एक घाईत हातातून पडून फुटली. बाकी अकरांपैकी एकही पंधराच्या खाली गेली नाही. शुक्रवारी त्यांचेच नमुने गेले.

महिन्याने तपासणी केंद्राचं पत्र आलं. मी ते स्वतः वर नेलं, बैठक चालू होती. सरांनी उभं राहून वाचलं: पंधरा पूर्णांक दोन. टाळ्या अशा वाजल्या की खालून पहारेकरी काय झालं म्हणून वर आला. ताईंनी तिथूनच घरी फोन लावला. सासूबाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला, "मी म्हणत होते ना, जमेल तिला!"

"कधी म्हणालात?" ताई म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

सरांनी फळ्यावर नवं धड काढलं, शेपटीपाशी थांबले आणि मागे वळले. "ताई, फाटा कुठे काढू?"

"खडू द्या इकडे," ताई म्हणाल्या आणि फळ्यापाशी गेल्या.